टकमावशीला मिळालेली सूट

बेल्ट कोणी नाही लावला तरी चालतो, याची एक यादी आमच्या मालकांच्या ऑफिसात भिंतीला डकवलेली होती. पाच ओळींची. गाडी मागे घेत असलेला चालक. डॉक्टरची चिठ्ठी असलेला माणूस. दारोदार थांबत सामान देत जाणारा. कामावर निघालेले आग विझवणारे जवान. आणि पाचवी ओळ: प्रवाशांची देखभाल करणारा मदतनीस, देखभाल करीत असताना. शेवटचे तीन शब्द पुन्हा एकदा वाचा. आमच्या मालकांनी ते कधीच वाचले नाहीत. खरं म्हणजे वाचले असणार आणि सोयीस्कर गिळले असणार, कारण मालकांचे डोळे चांगले आहेत, डिझेलचा काटा त्यांना लांबूनही दिसतो.

मी शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. शाळा विशेष मुलांची. कोणाला चालता येत नाही, कोणाला बोलता येत नाही, कोणाला सगळं येतं पण आवाज झाला की घाबरून रडू येतं. अशी तेरा मुलं सकाळी घरून उचलायची आणि दुपारी परत पोचवायची. गाडी मी चालवायचो, पण गाडीतली मुलं ताई सांभाळायच्या. त्या मदतनीस. अकरा वर्षं आम्ही एका गाडीत काढली, आणि तेवढ्या काळात मी त्यांना कोणावर ओरडताना दोनदाच ऐकलं, त्यातही एकदा माझ्यावर, मी बिडी पेटवली म्हणून.

ताई बुटक्या, रुंद बांध्याच्या. पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर खूप खिशांचा निळा अ‍ॅप्रन. त्या खिशांत काय नसायचं! ओले रुमाल, सुके रुमाल, फणी, बाहुलीचा एक तुटका पाय, जो नसला तर एक मुलगी गाडीत पाऊलच टाकायची नाही. आणि एक जुना टूथब्रश. शनिवारी फेरी संपली की ताई त्या ब्रशनं सगळी बक्कलं साफ करायच्या. बिस्किटांचा चुरा आत जाऊन बसला की बक्कल अर्धवट लागतं, आवाज नीट येत नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, थेंबभर तेल सोडू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. "तेल धूळ धरतं, भाऊ. इंजिनात काय घालायचं ते घाला. बक्कलांना हात लावू नका."

उन्हाळ्यात बेल्टची धातूची जीभ तापून चटका बसतो. मुलं यायच्या आधी ताई प्रत्येक सीटवर ओलं फडकं फिरवायच्या. थंडीत तीच जीभ गार पडते, तेव्हा मुठीत धरून ती जरा गरम करायच्या आणि मग मुलाच्या पोटावरून घ्यायच्या. बेल्ट लावला की खांद्यापाशी दोन बोटं घालून बघायच्या. दोन बोटं गेली आणि तिसरं नाही गेलं, म्हणजे बरोबर. मग तोंडानं म्हणायच्या, "टक!" बक्कल वाजलेलं असायचंच, तरी म्हणायच्या. कारण एका मुलाला ते ऐकल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यावरून त्यांचं नाव पडलं टकमावशी. ज्यांना बोलता यायचं ती मुलं मोठ्यानं हाक मारायची. ज्यांना येत नव्हतं ती टाळूला जीभ लावून टक करायची आणि ताई लगेच वळून बघायच्या.

त्यांचं घर म्हणजे एका लाँड्रीवरच्या दोन खोल्या. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, भिंती कायम कोमट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी, पैसे आले तर तेव्हाच. एरवी घरात सासू आणि सून, आणि दोघींचं इतकं पटायचं की शेजारणींना विषय मिळेना. सून कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायला होती. पुढे तो कारखाना बंद पडला आणि घर ताईंच्या एकट्याच्या कामावर आलं. पण ते पुढचं.

आता त्या सीटचं ऐका. आधी ताईंना सीट होती. दाराशेजारी, तोंड मुलांकडे, बेल्टसकट. एक दिवस मालक आले. मालक म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी लहान माणूस, सहा व्हॅन बाळगणारा, बोलण्यात साखर पेरणारा. ताईंना म्हणाले, "मावशी, एक पोर दाराशी ताटकळत बसलंय. नऊ वर्षांची मुलगी. शाळेनं प्रवेश दिलाय, पण गाडीत जागा नाही म्हणून घरीच आहे. तुम्हाला बेल्टची सूट आहे, नियमातच आहे. तुमची सीट तिला दिली आणि तुम्ही स्टुलावर बसलात, तर ती शाळेत येईल. बघा बुवा, तुमच्या मनावर आहे."

बघा बुवा! या माणसानं पोराची फी मोजली आणि वर ताईंच्या चांगुलपणावर बोट ठेवलं. भिंतीला लावायची घडीची सीट मिळते, बेल्टसकट. अर्ध्या दिवसात बसते. गाडीत तिच्यापुरती जागा होती, मी स्वतः मापून सांगितलं होतं. मालक म्हणाले, "बघू." ते 'बघू' कसलं असतं हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

ताई एका क्षणात तयार झाल्या. वर मलाच म्हणाल्या, "बरंच झालं, भाऊ. स्टुलावरून मला दोन्हीकडे वळता येईल." मालकांनी एक कागद पुढे केला, त्यावर 'स्वखुशीने' असा शब्द होता, ताईंनी सही ठोकली. आणि सीटचे नट कोणी सोडवले? मी. माझ्याच पान्यानं. ती सीट उचलून मुलांच्या रांगेत मीच बसवली, चाकाच्या उंचवट्याशेजारी लोखंडी स्टूल मीच ठेवलं, आणि काम छान झालं म्हणून हात पुसत चहा प्यायलो. मला मालकांचा राग येतो तसा त्या चहाचाही येतो.

नव्या मुलीचं नाव ताईंनी ठेवलं राणीसरकार. बोलायची नाही, पण तिचा हुकूम सगळ्यांना कळायचा. बोटं मात्र अशी चलाख की विचारू नका. कुठलंही बक्कल दोन सेकंदांत उघडायची. उघडलं की खुशीत मान डोलवायची. फेरीत तीन-चार वेळा ताईंना उठून ते पुन्हा लावावं लागायचं.

सरळ रीत अशी की अशा वेळी ड्रायव्हरनं गाडी कडेला घ्यावी, मदतनिसानं उठावं, बेल्ट लावावा, परत जागेवर बसावं, मग गाडी सोडावी. मी तसंच करायचो. पण प्रत्येक थांब्याला मिनिट-दीड मिनिट जातं, पुढच्या फेरीला उशीर होतो, आणि मालकांना दुपारी हीच गाडी दुसऱ्या शाळेला द्यायची असायची. म्हणून त्यांनी माझ्या समोरच्या काचेखाली एक पाटी चिकटवली: 'फेरीदरम्यान गाडी थांबवू नये.' दोनदा थांबवली तर दोनदा लेखी समज मिळाली. तिसऱ्यापासून मी थांबवणं सोडलं. हेही लिहितो, कारण दुसऱ्याची लक्तरं वेशीवर टांगायची आणि आपली धुऊन वाळत घालायची, हे मला जमत नाही.

तो दिवस एरवीसारखाच होता. फळवाल्यांच्या वळणाआधी राणीसरकारनं बक्कल उघडलं. आरशात मला दिसलं, ताई उठल्या, तिच्यापाशी गेल्या, बेल्ट लावला, दोन बोटं घातली, टक म्हणाल्या. मग परत येऊन स्टुलावर बसल्या. बसल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बसून त्यांनी दोन्ही हातांनी अ‍ॅप्रनची गाठ मागे आवळायला घेतली. आणि गल्लीतून एक स्कूटर बाण सुटावा तशी समोर आली.

मी ब्रेक मारला. दुसरं काय करणार होतो? स्कूटरवाला वाचला, शिव्या देत निघून गेला. वेग जेमतेम पस्तीसचा. माझ्या बेल्टनं मला छातीशी गच्च धरलं. तेराच्या चौदा झालेल्या मुलांपैकी एकालाही ओरखडा आला नाही, कारण चौदाही बेल्ट ताईंच्या हातचे होते. आणि ताई माझ्या सीटमागच्या लोखंडी दांडीवर येऊन आदळल्या. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढचे दोन दात गेले. उजव्या हाताचा अंगठा असा मुडपला की डॉक्टरांनी दोनदा उघडून बसवला, तरी तो पुरता वाकला नाही तो नाहीच. जमिनीवर पडल्या पडल्या त्या काय म्हणाल्या माहीत आहे? "मुलं बघा, भाऊ." तोंडातून रक्त येत होतं, आणि मुलं बघा.

परिवहन कार्यालयात चौकशी झाली. मला साक्षीला बोलावलं. मोठं टेबल, त्यामागे साहेब, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि मालकांनी सोबत आणलेला एक गुळगुळीत चेहऱ्याचा वकील. ताई तोंडावर पदर धरून बसलेल्या, कारण दात बसायचे होते. त्यांना शब्द नीट फुटत नव्हते. शेजारी सून.

साहेबांनी विचारलं, "घटनेच्या वेळी मदतनीस उभ्या होत्या की बसलेल्या?"

मी म्हटलं, "बसलेल्या. काम आटोपून बसल्या होत्या. मी आरशात पाहिलं."

वकील म्हणाला, "साहेब, मदतनीस गाडीत असते तोपर्यंत ती देखभालच करत असते. बसली काय, उभी राहिली काय."

"मग ते तीन शब्द कशाला छापलेत?" मी विचारलं. "देखभाल करीत असताना, असं लिहिलंय. चोवीस तास असं नाही लिहिलं."

साहेब म्हणाले, "तुम्हाला विचारलं तेवढंच सांगा." मग ते मालकांकडे वळले. "यांना सीट का नव्हती?"

मालकांनी तो 'स्वखुशीने'वाला कागद टेबलावर ठेवला. दोन बोटांनी सरळ केला. साहेबांनी वाचला, मान हलवली आणि लिहून टाकलं की कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही. चालकानं बेल्ट लावलेला होता. मुलांनी बेल्ट लावलेले होते. मदतनिसास सूट होती. सगळं कायदेशीर. माणूस मोडला, पण नियम शाबूत राहिला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी बोलणार तोच सुनेनं माझी बाही ओढली. साहेब म्हणाले, "पुढचे." आम्ही बाहेर आलो तेव्हा वकील मालकांना टाळी देत होता.

तीन महिन्यांनी ताई गाडीवर परत यायला निघाल्या. गळ्याचं हाड सांधलं होतं, दात नवे होते, मुलांची आठवण येत होती. पण बक्कलाची लाल कळ दाबायला अंगठा लागतो. उजव्यानं दाबता येईना, डाव्यानं जोर पुरेना. त्यांनी माझ्यासमोर एकेका सीटवर बसून प्रयत्न केला. चौदा सीटवर. मी आरशात बघणं टाळून रस्त्याकडे बघत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "एखादं पोर अडकलं आणि मला सोडवता आलं नाही तर? नाही जमायचं, भाऊ." आणि अ‍ॅप्रन काढून घडी घातली.

मालकांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मीही होतो, आणि बाकीचे तीन ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मालक म्हणाले, "मावशी, तुम्हाला मी वाऱ्यावर सोडणार नाही. तुमची सून घरीच आहे ना? तुमच्या जागी तिला घेतो. उद्यापासून येऊ दे." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू राज्य दान करताहेत.

सून ताईंच्या मागे उभी होती. तिला कामाची गरज होती, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. नवऱ्याची बोट कधी लागेल याचा भरवसा नव्हता. ताईंनी विचारलं, "बसायचं कुठे तिनं?"

"म्हणजे? तुम्ही बसायचात तिथेच. स्टुलाला मी गादी करून घेतलीय." खरंच केली होती. निळ्या रेक्झिनची. दोन दात, एक हाड आणि एक अंगठा, यांच्या बदल्यात चार बोटं स्पंज.

ताईंनी आपल्या मुडपलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठवते. पण आधी तुम्ही एक फेरी त्या स्टुलावर बसून दाखवा. आज सुट्टी आहे, गाडी रिकामी आहे."

मालक हसले. ड्रायव्हर लोक बघत होते, त्यामुळे मागे हटणं त्यांना शोभेना. "चला की! त्यात काय विशेष आहे? तुम्ही वर्षभर बसलात."

अशी ती फेरी निघाली. मी चाकावर. सून मधल्या रांगेत, बेल्ट लावून. मालक स्टुलावर, पायावर पाय टाकून. आणि ताई बसल्या राणीसरकारच्या जागेवर. सुनेनं त्यांना बेल्ट लावला. मी गाडी सोडली, नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या वेगानं.

पहिली पाच मिनिटं मालक बाहेरची दुकानं बघत होते. पहिल्या गतिरोधकाला त्यांचा पाय खाली आला. दुसऱ्याला एक हात शेजारच्या सीटला लागला. बाजारापाशी दोन्ही हात धरलेले. ताई म्हणाल्या, "मालक, हात मोकळे ठेवा. मदतनिसाला हात धरून बसता येत नाही. एका हातात रुमाल असतो, दुसऱ्यात कोणाचा तरी डबा असतो." मालक कसनुसे हसले.

फळवाल्यांच्या वळणाच्या जरा अलीकडे ताईंनी डाव्या तळव्यावर अंगाचा भार टाकून, तिसऱ्या खेपेला, आपलं बक्कल उघडलं. "मालक, राणीसरकारनं बेल्ट काढला."

"मग लावा की."

"मी नऊ वर्षांची पोर आहे. मला बोलता येत नाही, लावता येत नाही. मदतनीस तुम्ही. या."

मालक उठले. एका हातानं सीट धरून ताईंच्यापर्यंत पोचले. पण बेल्ट एका हातानं लागत नाही. एका हातात जीभ धरावी लागते, दुसऱ्यात बक्कल, आणि मूल हलत असतं. ताईही हलत होत्या, राणीसरकारसारख्याच खुशीत. मालकांनी दोन्ही हात सोडले. गाडी वळणावर आली. ते एकीकडे झुकले, दुसरीकडे कलले, बेल्ट हातातून सुटला, दोन्ही हात वर हवेत गेले आणि ते किंचाळले, "अरे थांबव! गाडी थांबव! ऐकू येत नाही का तुला?"

एरवी मला ते अहो-जाहो करतात.

"थांबवायची नाही ना, मालक," मी म्हटलं. "तुमची पाटी आहे इथे समोर."

खोटं कशाला बोलू, माझा पाय ब्रेकवर होता. एकदाच दाबायचा होता. स्कूटर नसली तर नसली, कुत्रं आडवं आलं म्हणालो असतो, आणि पाचव्या ओळीनं मलाही सोडवलं असतं. मी आरशात पाहिलं. ताई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी मान नकारार्थी हलवली. "भाऊ, हळूच," म्हणाल्या.

मी गाडी हळूच कडेला घेतली. इतकी हळू की काचेवरची धूळही हलली नाही.

मालक स्टुलावर बसले. कपाळ पुसत होते. ताई म्हणाल्या, "तुम्ही मला बेल्टमधून सूट दिलीत, साहेबांनी दिली, कायद्यानं दिली. ब्रेकनं नाही दिली. माझ्या सुनेलाही नाही देणार तो. भिंतीची सीट बसवा, बेल्टसकट. आणि ती पाटी काढा. मग ती येईल."

मालकांचा चेहरा लाल झाला होता. भीती ओसरली आणि त्या जागी अपमान आला, हे मला आरशात लख्ख दिसलं. "सीट बसवतो," ते म्हणाले. "उद्याच बसवतो. पाटीही काढतो. उपकार म्हणून समज. पण तुझ्या घरचं माणूस या गाडीत नको मला. चार ड्रायव्हरांसमोर मला नाचवून आणलंस. तुझ्या सुनेला काम नाही. बोल, सीट हवी की नोकरी?"

अकरा वर्षं मावशी, आणि एका मिनिटात 'तुझ्या'. मी दार उघडून त्यांना खाली खेचणार होतो, शपथेवर सांगतो. पण ताई गप्प झाल्या होत्या. एवढं बोलणाऱ्या ताई एकदम गप्प. कारण नोकरी त्यांची नव्हती, सुनेची होती, आणि दुसऱ्याच्या पानातलं उचलून द्यायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटेना. त्यांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं.

सुनेनं बेल्ट सोडला. उठून ताईंजवळ आली आणि त्यांचा बेल्ट लावला, गाडी उभी असतानाही. मग मालकांना म्हणाली, "सीट बसवा. मी दुसरं काम बघेन."

ताई तेव्हा रडल्या. हॉस्पिटलात रडल्या नव्हत्या, चौकशीत नाही, अंगठा सरळ होणार नाही हे कळलं तेव्हाही नाही.

सीट बसली. मीच बसवली, त्याच पान्यानं. पाटी नखानं खरवडून काढली. मालकांनी नव्या सीटवर स्वतः बसून, बेल्ट लावून फोटो काढून घेतला आणि ऑफिसात त्या यादीच्या शेजारी लावला. खाली लिहिलंय की मदतनिसांच्या सुरक्षेसाठी आम्ही स्वतःहून पाऊल उचललं. स्वतःहून! बाकीच्या पाच गाड्यांत अजून स्टुलंच आहेत. त्या पाचजणींनाही सूट आहे.

सुनेला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम लागलं. दोन बस बदलून जाते, दोन्हींत उभी. बसमध्ये उभं राहणाऱ्यालाही बेल्ट नसतो, तेही कायदेशीरच. ताई खालच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालून देतात. अंगठा लागत नाही असं काम शोधलंय त्यांनी. मी आठवड्यातून एकदा जातो. एकेका मुलाची चौकशी करतात. नव्या मदतनिसाची मात्र कधी केली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

नवीन आलेली मुलगी बावीस-तेवीसची. चटपटीत, हसतमुख, मुलांना पहिल्याच दिवशी आवडली. सगळ्यांचे बेल्ट लावले, नीट ओढून बघितले, आणि भिंतीच्या सीटवर येऊन बसली. बेल्ट शेजारी लोंबत होता. मी आरशात बघत थांबलो.

"चला ना काका, उशीर होतोय," ती म्हणाली.

"बेल्ट लाव."

"मला कशाला? आम्हाला सूट असते ना. मालकांनी सांगितलंय."

मी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. माझा बेल्ट सोडला, मागे वळलो आणि तिला सगळं सांगितलं. गळ्याजवळचं कुठलं हाड, कुठले दोन दात, कुठला अंगठा. ती सीट भिंतीला कशी आली आणि त्यासाठी कोणाच्या सुनेनं कुठली नोकरी सोडली. आवाज चढला होता माझा. मागच्या दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्यांनाही मी दोन शब्द सुनावले. त्या मुलीचं हसू मावळलं. तिनं बेल्ट ओढून घेतला, बक्कल लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला."

शाळेत पोचायला बारा मिनिटं उशीर झाला. फाटकात मुख्याध्यापिकाबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. "काय झालं ड्रायव्हर, एवढा उशीर?"

"मदतनिसानं बेल्ट लावला नव्हता, बाई. लावेपर्यंत गाडी सोडली नाही."

बाई शिकलेल्या. मुलांवर जीव टाकणाऱ्या. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "पण त्यांना तर सूट असते ना?"

मग मी त्यांनाही सांगायला घेतलं, अगदी पहिल्या ओळीपासून. घंटा होऊन गेली, मुलं वर्गात जाऊन बसली, तरी मी फाटकात उभा राहून बोलतच होतो.